मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलांसाठी क्राउडफंडिंग करतोय, पण काकांना 'मदत' नको

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापुरात बीबीए शेवटच्या वर्षाला असलेले चौघं. प्रोजेक्ट म्हणून सुभाषनगरातल्या एका काकांच्या चपलांचं ब्रँडिंग करायला घेतलं, आता मार्क राहिले बाजूला आणि आम्हीच त्यात अडकलोय. काका कातडं कापून तळ शिवतात, काकू कातड्याच्या पट्ट्यांच्या वेण्या घालतात, मुलगा इन्स्टा बघतो.

अडचण पैशाची. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पावसाळ्याआधी भरून ठेवायचंय, नंतर ते नीट वाळत नाही. दीड लाख लागतील. म्हणून पेज बनवलं, काकूंचा वेणी घालतानाचा फोटो आणि खाली 'गरीब कारागिराला आधार द्या'. काकांनी वाचून मोबाईल परत दिला, "आमी काय आजारी हाय व्हय? पैसं घ्यायचं तर चप्पल द्यायची." लाजच वाटली खरं तर.

आता १५०० ला एक जोड असे १०० जोड आगाऊ बुक करायचा विचार आहे. पण दिवसाला दोनच जोड होतात, त्यात पाऊस, मग लोकांना तारीख काय सांगायची? आणि पैसे आमच्या यूपीआयवर घ्यायचे नाहीत हे नक्की, पण काकांचं साधं सेव्हिंग खातं आहे, ते चालेल का? परराज्यात पाठवायला जीएसटी नंबर लागतो का?

दुसरं, परत येणारा माल. कोल्हापुरी आधी घट्टच बसते, वापरून सैल होते, पण ऑनलाइनवाल्यांना कोण समजावणार. एकानं तर जोड करकर वाजतो म्हणून परत पाठवला! अहो, आवाजासाठी तळात मुद्दाम 'विंचू' म्हणतात तो भाग बसवलेला, त्याचे जास्त पैसे घेतात इथं.

लोगोवर आम्ही जीआय (भौगोलिक मानांकन) टाकलं होतं, २०१९ ला मिळालंय ना म्हणून. नंतर कळलं की त्यासाठी कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, काकांची नाहीये, तर ते काढलं. ही नोंदणी कुणी केलीय का, किती दिवस लागले? आमच्यातल्या एकाला टॅगलाइन 'प्राडाच्या आधीपासून' हवीय (प्राडा या इटालियन ब्रँडनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यावर वाद झाला होता ना), मला ते सहा महिन्यांत शिळं होईल असं वाटतंय.

कुणी असं प्रीबुकिंग केलं असेल तर प्लीज सांगा, कातडंवाला पंधरा दिवसच भाव धरून ठेवतो म्हणालाय.