टिलरची होडी: शनिवारपर्यंत ठरवायचं आहे

एडन प्रेरीहून

मंडळी, नमस्कार. मिनेसोटातल्या आपल्या सहा घरांनी मिळून घ्यायच्या मासेमारीच्या होडीबद्दल लिहितोय.

ब्रेनर्डची लुंड आणि सेंट क्लाउडची क्रेस्टलाइनर, या दोन्ही होड्या अजून विकल्या गेलेल्या नाहीत. शनिवारपर्यंत थांबायचं दोन्ही मालकांनी कबूल केलंय. फोटो परवा पाठवलेच आहेत. दोन्ही १६ फुटांच्या आसपास, दोन्ही टिलरच्या, म्हणजे मोटरचा दांडा हातात धरून वळवायच्या. स्टीअरिंगची नको हे मार्चमध्येच ठरलं, तो विषय कृपया पुन्हा काढू नये.

लुंड रिव्हेटची आहे, क्रेस्टलाइनर वेल्डिंगची. लुंडला मोटर नाही म्हणून ती स्वस्त पडते. दादांनी दिलेली २५ हॉर्सपॉवरची मोटर आपल्याकडे पडून आहे, तीच लावू असा हिशोब होता. पण काल लुंडच्या मालकाने फोनवर सांगितलं की मोटर बसते ती मागची फळी २० इंच उंच आहे. आपली मोटर शॉर्ट शाफ्टची, म्हणजे पाण्यात उतरणारा भाग आखूड, १५ इंची फळीसाठीचा. क्रेस्टलाइनरबरोबर मोटर येते, पण मग प्रत्येक घराला आणखी पैसे काढावे लागतील.

ओपनर, म्हणजे मासेमारीच्या हंगामाचा पहिला दिवस, तोंडावर आलाय. काय करू, सांगा.

मेपल ग्रोव्हहून

५ इंचांचाच प्रश्न आहे ना? फळी मधोमध कापून खाली घ्या. करवत माझ्याकडे आहे, दीड तासाचं काम. कितीतरी जुन्या होड्यांची फळी मध्ये खाली असतेच.

लुंड मात्र सोडू नका. न्यूयॉर्क मिल्समध्ये १९४८ पासून बनतात, इथल्या इथे. कोपऱ्यावरच्या दुकानातही तिचे सुटे भाग मिळतात.

आणि टिलरचा विषय बंद झालाय हे मान्य, पण एक नोंद करून ठेवतो. टिलरवाला उजव्या बाजूला बसतो आणि डाव्या हाताने चालवतो. ज्यांचा डावा खांदा दुखरा आहे त्यांना तीन तासांत कळेल. दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या होडीत मला कळलं.

ईगनहून

कृपा करून कोणी फळी कापू नका. हे लिहायलाच मी काम बाजूला ठेवलंय.

आधी माप. मालकाने कुठून मोजलं ते विचारा. कोपऱ्यात मोजलेलं माप चालत नाही. मोटरचे शिकंजे जिथे बसतात तिथे, म्हणजे बरोबर मध्यभागी, फळीच्या वरच्या कडेपासून सरळ खाली होडीच्या तळापर्यंत मोजायचं. तिथे २० भरले तर आपली मोटर बसणार नाही. बसवली तर पंखा ५ इंच वर राहील, हवा ओढेल, मोटर नुसती ओरडेल आणि होडी जागची हलणार नाही. वळताना तर पकडच सुटेल. थंड करणारं पाणी ज्या जाळीतून आत जातं तीही वर येऊ शकते, मग मोटरच गेली. काही मॉडेलना शाफ्ट लांब करायचा संच मिळतो, पण आपली मोटर इतकी जुनी की तो मिळेल ही आशा धरू नका.

आता फळी का कापायची नाही. आपण टिलर कशासाठी घेतोय? वॉलाय माशासाठी वाऱ्याकडे पाठ करून उलटं सरकत जायला. मागची बाजू लाटेकडे, मोटर रिव्हर्समध्ये, आणि हातात दांडा, म्हणजे होडी माशांच्या रेषेवर वीतभरही इकडेतिकडे होत नाही. स्टीअरिंगच्या होडीत हे इतकं नेमकं जमत नाही, शिवाय मधली जागा स्टीअरिंगचं कन्सोल खातं. पण या पद्धतीत प्रत्येक लाट मागच्या फळीवर फुटते. मिल लॅक्स तलाव १,३२,००० एकरांचा आहे आणि सर्वांत खोल जागा जेमतेम ४० फुटांची. उथळ आणि उघडा, वारा सुटला की अर्ध्या तासात लाटा उभ्या राहतात. तिथे ते ५ इंच म्हणजे आपल्या आणि पाण्याच्या मधली भिंत आहे.

होडी बघायला जाल तेव्हा फळीच आधी तपासा. जुन्या होड्यांत अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपून ते आतून कुजतं, बाहेरून मात्र रंग झकास. मध्यभागी दोन्ही हातांनी धरून पुढेमागे जोर लावा. हलली, किंवा फुगवटा दिसला, तर परत या. हातोडीच्या लाकडी मुठीने ठोकून बघा, कुजलेली जागा बद्द वाजते.

रिव्हेट की वेल्डिंग, त्यावर रात्री लिहितो.

रॉचेस्टरहून

ईगनच्या काकांशी शंभर टक्के सहमत.

माझे वडील हर्णैला तांडेल होते. सुकाणूचा दांडा त्यांनी चाळीस वर्षं धरला. ते म्हणायचे, समोरून येणारी लाट दिसते, म्हणून मागची लाट जास्त सांभाळायची. आमच्या लाकडी होडीच्या फटींत दरवर्षी कापूस आणि राळ ठोकून भरायचो, पण मागची बाजू खाली घ्यायचा विचार कोणाच्या डोक्यातही आला नसता.

मेपल ग्रोव्हकरांना खांद्याबद्दल: दांड्याला जोडायची लांब नळी मिळते. मध्ये बसून चालवता येतं, खांदा वळवावा लागत नाही. आणि दुसरं, मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची लाल दोरी, माणूस पडला की ती मोटर बंद करते. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या होडीत वेगात जाताना ती लावण्याचा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे. टिलरवाला कडेला बसलेला असतो. तो पडला आणि मोटर चालू राहिली तर होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. मी ज्या होडीत असेन तिथे दोरीशिवाय मोटर सुरू होणार नाही.

वुडबरीहून

मंडळी, खजिनदार म्हणून लिहिते आहे.

एक, ही होडी मंडळाची नाही. सहा घरांची आहे. मंडळाच्या विम्यात होडी बसत नाही, त्यामुळे फ्लायरवर ‘मंडळाची मासेमारी सहल’ असं लिहू नये. गेल्या वर्षी लिहिलं होतं आणि मला तीन फोन आले.

दोन, नोंदणी कोणाच्या नावावर? मोटर लावली की नोंदणी लागतेच, आणि १६ फुटांपेक्षा लांब होडीला टायटलही, म्हणजे मालकीचा दाखलाही, लागतं. ‘१६ फुटांच्या आसपास’ म्हणजे नक्की किती, ते कागदावर बघून या. एकाचं नाव कागदावर आणि पैसे सहांचे, तर सहा सह्यांचं साधं पत्र आधी करा. मी मसुदा देते.

तीन, मुलं. १० वर्षांखालच्या मुलांनी होडी चालू असताना लाइफ जॅकेट घातलेलंच हवं, हा इथला कायदा आहे. मोठ्यांसाठीही माणशी एक हवं. १६ फूट आणि त्यावरच्या होडीत बुडणाऱ्याकडे फेकायची गादीही लागते. मागच्या खेपेला पाच माणसांत चार जॅकेट होती. मी किनाऱ्यावर उभी होते, मला दिसलं.

प्लिमथहून

फेकायची गादी आमच्याकडे आहे, घेऊन जा.

वॉलायच्या तुकड्यांना या वेळी रवा नको. तांदळाचं पीठ लावा. मासा नाजूक आहे, रव्याखाली त्याची चव दडपते. हळद, तिखट, कोकमाचं आगळ, वीस मिनिटं, बस्स.

मेपल ग्रोव्हहून

आगळ वॉलायला फार होतं. लिंबू.

फळी कापायचा मुद्दा मी मागे घेतो. मागून येणाऱ्या लाटेचा विचार मी केला नव्हता. नळीबद्दल आभार, आजच मागवतो.

पण मग २५ हॉर्सपॉवर तरी पुरेल का? चार माणसं, बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी. माझ्या मते ४० हवी.

ईगनहून

हॉर्सपॉवर किती ते आपण ठरवायचं नाही, पाटीवर लिहिलेलं असतं. २० फुटांखालच्या होडीवर ती पाटी असते: किती माणसं, किती वजन, जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर. काही होड्यांत टिलरसाठी आकडा वेगळा आणि कमी असतो, तो नीट वाचा. आणि ४० ची ४-स्ट्रोक मोटर २०० पौंडांच्या पुढे जाते. ती मागे, चालवणारा मागे, पेट्रोलची टाकी मागे. पुढचं टोक आकाशाकडे जातं आणि वारा त्याला हवं तिकडे फिरवतो. मी बॅटरी पुढच्या बाकाखाली नेली, मग माझी होडी सरळ चालायला लागली.

आता रिव्हेट. रिव्हेटची होडी वर्षानुवर्षं लाटांवर आपटून थोडी थोडी सैल होते आणि ठिपकते. हा दोष खरा, पण दुरुस्ती सोपी: आतून एकाने लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून दुसऱ्याने ठोकायचं. वेल्डिंगची होडी सहसा ठिपकत नाही, पण तडा गेला तर अॅल्युमिनियमचं वेल्डिंग येणारा माणूस शोधावा लागतो. ते लोखंडासारखं नाही, पातळ पत्र्याला भोक पडतं. म्हणून क्रेस्टलाइनर बघताना सांधे बघा, विशेषतः मागचे दोन कोपरे आणि बाकं जिथे बाजूला जोडलेली आहेत तिथे. तळावर केसाएवढी रेघ दिसली तर ओरखडा समजून सोडू नका, नख फिरवून बघा.

रिव्हेटची परीक्षा अशी: होडी ट्रेलरवर असतानाच तळाचं बूच लावून आत पाइपने चारपाच इंच पाणी सोडा. जास्त नको, पाण्याच्या वजनाने ट्रेलर वाकेल. मग खाली झोपून बघा, ठिपकेल तिथे खडूने खूण करा. एकदोन ठिपके म्हणजे काही नाही. ओळच्या ओळ ठिपकत असेल तर सोडा.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. माझ्या पहिल्या होडीची आम्ही पूजा केली, नारळ वाढवला, नाणी वाहिली. एक पेनी घरंगळून तळात फळीखाली गेली आणि ओलाव्यात चार वर्षं पडून राहिली. ती सापडली तेव्हा तिच्याखाली अॅल्युमिनियमला टाचणी जाईल एवढं भोक होतं. तांबं आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. पूजा जरूर करा, नारळी पौर्णिमेलाही करा, पण नाणी ताटात ठेवा. याच कारणाने कोणी फळी बदलताना औषध मारलेलं प्लायवूड वापरलंय का तेही विचारा. त्या औषधात तांबं असतं.

रॉचेस्टरहून

नाण्यांचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे लाकडाच्या होड्या, तिथे हा प्रश्नच नव्हता. आईला फोन करून सांगतो. तिने या वर्षीच्या पूजेसाठी खास तांब्याची नाणी धुऊन ठेवली आहेत.

एडन प्रेरीहून

मंडळी, दोन्ही बघून आत्ताच परतलो.

लुंड: मध्यभागी मोजलं, पूर्ण २०. रिव्हेट उत्तम, एकच ठिपका. पण फळीला जोर लावला तर ती मागे झुकली, आणि वरच्या पट्टीचा स्क्रू काढला तर आतलं लाकूड काळं, बोटाने निघत होतं. मालक भला माणूस, त्यालाही ठाऊक नव्हतं. फळी बदलायची म्हणजे ओपनर गेलाच.

क्रेस्टलाइनर: नख फिरवून सगळे सांधे बघितले, रेघ नाही. कागदावर १६ फूट ६ इंच, म्हणजे ताई म्हणाल्या तसं टायटल लागेल, आणि ते मालकाकडे स्वच्छ आहे. मोटर २० इंची शाफ्टची आणि पाटीवरच्या आकड्याच्या आत. बादलीत नाही, तळ्यात उतरवून चालवली. रिव्हर्समध्येही पकड सोडली नाही. बयाणा देऊन आलोय. प्रत्येक घराचा वाढीव वाटा ताईंना कळवतो.

दादांची शॉर्ट शाफ्ट मोटर आता विकायची आहे. १५ इंची फळीची, १४ फुटी होडी कोणाकडे असेल तर आधी आपल्या माणसाला.

शनिवारी होडी आणायची आहे. तिच्या ट्रेलरला २ इंची बॉल लागतो, माझ्या गाडीला पावणेदोन्हून थोडा मोठा, १ ७/८ चा आहे. तो वापरणार नाही, रस्त्यात निसटतो. २ इंची कोणाकडे आहे?

मेपल ग्रोव्हहून

माझ्या ट्रकला आहे. शनिवारी सकाळी सातला तुमच्या दारात. ट्रेलरच्या दिव्यांची वायर चार पिनांची की सात पिनांची, ते मालकाला आज विचारून ठेवा.