कॅनन १५००डीसाठी कोणता रिमोट शटर रिलीज घ्यावा?

गोदाकाठ
नमस्कार. पावसाळ्यात नाशिकजवळच्या सोमेश्वरच्या धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसेल असे एक-दोन सेकंदांचे फोटो आणि पुढे आकाश निवळल्यावर अंजनेरीच्या बाजूला ताऱ्यांच्या रेषांचे फोटो काढण्याचा माझा विचार आहे. ट्रायपॉड भक्कम आहे, परंतु शटरचे बटण बोटाने दाबताच कॅमेरा किंचित हलतो आणि फोटोतला रेखीवपणा जातो. महात्मा गांधी रोडवरील एका दुकानात बटणाला हात न लावता शटर उघडणाऱ्या रिमोटचे वायरचा, इन्फ्रारेड आणि रेडिओ असे तीन प्रकार दाखवले गेले. त्यांपैकी कोणता घ्यावा? भावाकडे निकॉन डी३५०० आहे. एकच रिमोट दोघांना वापरता आला तर उत्तमच.

सह्यवाट
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : एकच रिमोट दोघांना चालणार नाही. डी३५००ला रिमोटची वायर जोडण्याची सोयच नाही आणि इन्फ्रारेडही चालत नाही, त्यामुळे भावाला सेल्फ टायमर किंवा मोबाइलवरील स्नॅपब्रिज अॅप यांवरच भागवावे लागेल. आपल्या १५००डीच्या डाव्या बाजूला रबरी झाकणाखाली २.५ मिमीचे सॉकेट आहे. त्यात कॅननचा आरएस-६०ई३ किंवा त्याच जोडणीचा अन्य कंपनीचा रिमोट बसतो. कॅननच्याच ५डी, ७डी यांसारख्या वरच्या कॅमेऱ्यांची जोडणी निराळी असते, म्हणून पाकिटावर केवळ ‘कॅननसाठी’ असे लिहिलेले पाहून पैसे देऊ नयेत. कॅमेरा सोबत न्यावा आणि पिन दुकानातच लावून पाहावी. इन्फ्रारेड तर आपल्यासाठी बादच आहे, कारण त्याचा संकेत ओळखणारा सेन्सर १५००डीला नाही.

धबधब्यापुरतेच बोलायचे तर काहीच विकत घेण्याची गरज नाही. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर (बटण दाबल्यावर थोडे थांबून फोटो काढण्याची कॅमेऱ्यातली सोय) लावला की तेवढ्या वेळात ट्रायपॉडचे कंप शमतात. तो पैसा एनडी फिल्टरसाठी (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काच) ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रपाळी
ताऱ्यांसाठी मात्र रिमोट हवाच, आणि तोही बटण दाबून पुढे सरकवले की अडकून राहणारा, म्हणजे लॉक असलेला. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून शटर ३० सेकंदांचे करावे, ड्राइव्ह (फोटो एकेक की सलग, हे ठरवणारी निवड) सलग फोटोंचे निवडावे आणि रिमोटचे बटण लॉक करून बाजूला बसावे. कॅमेरा एकामागून एक फोटो काढत राहतो आणि नंतर ते संगणकावर एकत्र करता येतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे तासाभरात निघणाऱ्या सुमारे १२० फोटोंतून प्रत्येक ताऱ्याचा तेवढाच कंस उमटतो. नाशिकहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर दिसतो, म्हणून उत्तरेला डोंगर किंवा शहराचा उजेड आडवा येणार नाही अशी जागा दिवसाच पाहून ठेवावी. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले दाणे कमी करण्याची कॅमेऱ्यातली सोय) बंद ठेवायला विसरू नये, अन्यथा प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून राहतो आणि रेषा तुटक येतात.

गोदाकाठ
दोघांचे आभार. मग टायमर असलेला महागडा रिमोट कशासाठी घेतात? आणि रेडिओचा विचार सोडूनच द्यावा का?

रात्रपाळी
३० सेकंदांहून मोठा एक्स्पोजर बल्बवर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणारी निवड) मोजून द्यायचा असेल किंवा टाइमलॅप्ससाठी (अनेक फोटो जोडून केलेला वेगवान व्हिडिओ) ठरावीक अंतराने फोटो हवे असतील, तर टायमर उपयोगी पडतो. आपल्या कामाला साधा वायरचा पुरतो; त्याला वेगळा सेलही लागत नाही.

पाणथळ
रेडिओ सरसकट सोडू नये. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यासारख्या ठिकाणी कॅमेरा एका जागी लावून आपण दूर आडोशाला बसायचे असेल, तर वायर तोकडी पडते. रेडिओचा रिसीव्हर (हातातल्या बटणाचा संकेत घेणारा भाग) त्याच सॉकेटमध्ये बसतो, फक्त दोन्ही भागांचे सेल सांभाळावे लागतात. रिमोट कोणताही घ्या, त्याचे बटण अर्धे दाबल्यावर कॅमेरा फोकस करू लागतो आणि अंधारात फोकस न मिळाल्यास शटर पडतच नाही. म्हणून एखाद्या ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहून) फोकस साधून लेन्सवरील स्विच एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर, करावा.