गाडीच्या एसीत घरी गॅस भरू नका. हो, तुम्हालाच सांगतोय

ग्रीसमाखे:
कालची ‘1200 रुपयांत घरच्या घरी एसी गॅस, गॅरेजला रामराम’ ही पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, हा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे जळून संपायला. बंद चक्रात फिरतो तो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. कूलिंग कॉइल असेल, दगड बसलेला कंडेन्सर (गाडीच्या तोंडाशी गॅस थंड करणारी जाळी) असेल, नाहीतर जोडावरची कडक झालेली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. ते न शोधता गॅसचा कॅन टोचायचा म्हणजे फुटक्या माठात पाणी. वर कॅनच्या प्रेशर गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आला म्हणून खूश! लहान गाडीत गॅस असतो 400 ग्रॅमच्या आसपास. बॉनेटखालच्या स्टिकरवर वजन दिलेलं असतं, रंग नाही. सिस्टीम पूर्ण रिकामी झाली असेल तर आत हवा आणि ओल शिरलेली असते. व्हॅक्यूम न मारता, म्हणजे पंपानं ती ओढून न काढता भरलंत तर तीच ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी, जिथे गॅस एकदम गार होतो तिथे, गोठून बसते.

रविवारचा_मेकॅनिक:
ती पोस्ट माझीच. माठाचं कौतुक पुरे. कॉम्प्रेसरचा शाफ्ट बेल्टवर फिरतो, त्याच्या सीलमधून आणि रबरी होजमधून थोडा थोडा गॅस जातोच. घरच्या फ्रिजसारखा सगळा सीलबंद नसतो तो. गाडी नऊ वर्षांची आहे, याला लीक म्हणायचं की म्हातारपण? आणि व्हॅक्यूमच्या गप्पा कुणाला? मागच्या उन्हाळ्यात गॅरेजच्या पोरानं माझ्यासमोर काटाही न लावता कॅनच टोचला आणि मालकानं 2200 घेतले. तेच मी स्वतः केलं तर पाप! सिग्नलला गरम वारा यायचा, आता हायवेला अंगावर काटा येतो.

वऱ्हाडी_ठेचा:
पुण्यात 38 झालं की यांचा गॅस संपते! अकोल्यात 45 ला गाडी उन्हात उभी करा अन् मग बोला. खरा घोळ 2012 चा आहे. सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्म काढायला लावल्या तेव्हापासून एसी बिचारा एकटाच लढते.

मोगरा_आणि_मोबिल:
काळ्या काचा का नकोत ते रात्री एकट्या चालणाऱ्या बाईला विचारा. सनशेड लावा, नाहीतर झाड शोधा.

वऱ्हाडी_ठेचा:
झाड? रस्ता चौपदरी करताना ठेवलं का एक तरी? आणि 70 टक्के उजेड आत येणारी फिल्मही पोलीस ओरबाडून काढतात, तिच्याआड कोण लपते हो?

मोगरा_आणि_मोबिल:
70 टक्केवाली लावणारा आजवर एक भेटला नाही मला. सगळ्यांच्या काचा बघितल्यात.

ह्यूस्टनकर:
इकडे टेक्सासात सुपरमार्केटात शॅम्पूसारखे कॅन मिळतात, लोक पार्किंगमध्येच भरतात. कॅलिफोर्नियात कॅनवर 10 डॉलर डिपॉझिट असतं, रिकामा परत केला की मिळतं. तुमच्याकडे उगाच बाऊ.

ग्रीसमाखे:
आले अमेरिकेचे दाखले! नुसतं ‘रेफ्रिजरंट’ लिहिलेल्या बेनामी कॅनमध्ये आर-134ए (गाडीच्या एसीचा नेहमीचा गॅस) आहे की प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण, हे कोण सांगणार? ते पेट घेतं. आणि फिल्मवाल्यांनो, वेगळा धागा काढा की! कॅन टोचून 2200 घेणारे आहेत, हे मान्य. मग गॅस वजन करून भरणारं मशीन असलेलं गॅरेज शोधा, स्वतः त्यांच्यासारखे होऊ नका. बाकी, मेकॅनिकसाहेब, एक सांगा: सिग्नलला गरम आणि हायवेला गार, हे अजूनही आहे का?

रविवारचा_मेकॅनिक:
थोडंफार. का?

ग्रीसमाखे:
एसी लावा, गाडी उभी ठेवा आणि कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते बघून या. धावत्या गाडीला समोरचा वारा मिळतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोण देणार?

रविवारचा_मेकॅनिक:
(40 मिनिटांनी) फिरत नाहीये. पण गॅसही कमी होताच.

मोगरा_आणि_मोबिल:
होता होता. आता जास्त झाला असेल.