मदत हवी आहे: ६०,००० रुपयांत गेमिंग पीसी, पुढे वाढवता येईल असा

नमस्कार मंडळी, मी नाशिकला सिडकोत राहतो. धाकट्या भावासाठी पीसी जोडायचाय. १०८० पी मॉनिटर घरात आहे, बाकी सगळं ६०,००० मध्ये बसवायचंय.

अडलंय ते सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेवर. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेतला तर वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालता येतील. पण पहिले रायझन २०१७ मध्ये आले ते याच सॉकेटवर. पुढे वाढायला जागा थोडी, आणि त्यावरची डीडीआर४ रॅम नंतर नव्या एएम५ सॉकेटच्या बोर्डवर चालणार नाही. एएम५ वरच्या रायझन ५ ७६०० मध्ये साधं ग्राफिक्स आतच आहे, म्हणजे कार्ड दिवाळीत घेतलं तरी मशीन सुरू होईल. माझा कल इकडेच. फक्त तोवर भावाला हलक्या गेमवर भागवावं लागेल, याचं वाईट वाटतं.

रॅम १६ जीबीची एकच स्टिक घेऊ की ८-८ च्या दोन? दोन लावल्या तर ड्युअल चॅनेल मिळतं (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जाऊन वेग वाढतो), एक लावली तर पुढे ३२ करणं सोपं.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, काटकसर करणार नाही. मागच्या वेळी स्वस्तातला घेतला, तो उन्हाळ्यात जळाला आणि मदरबोर्डही घेऊन गेला. ६५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज किती कमी वाया जाते याचा दर्जा) पुरेल ना?

पक्कं बिल देणारं, वॉरंटीला टाळाटाळ न करणारं नाशिकमधलं दुकान माहीत असेल तर तेही सांगा.