विषय: बाली, शनिवार. गुनुंग कावी ठेवायचं की वगळायचं?

प्रेषक: माई (सहल)

मंडळी, गाडीवाल्याला आज रात्री मार्ग कळवायचा आहे. बेत असा: सकाळी ७ ला उबुदहून निघून तिर्ता एम्पुल (स्नानाचं देऊळ), मग गुनुंग कावी (दरीतली कोरीव स्मारकं), जेवण, दुपारी मंग्वीचं तामन आयुन आणि सूर्यास्ताला तनाह लोत (समुद्रातल्या खडकावरचं देऊळ). अडचण गुनुंग कावीची. ३०० च्या आसपास पायऱ्या, आणि उतरलेल्या सगळ्या परत चढायच्या. जोगजाला (योग्याकार्ताला) प्रांबाननच्या देवळांत उन्हात काय झालं ते आठवतंय ना? ठेवू की वगळू, एवढंच लिहा.

प्रेषक: अण्णा

अजिबात वगळू नका. ११व्या शतकात थेट कड्यात कोरलेली दहा चंडी, म्हणजे देवळाच्या आकाराची स्मारकं आहेत, प्रत्येक सुमारे ७ मीटर उंच, खाली पाकेरिसान नदी. वेरूळ-अजिंठ्याच्या मुलखातली माणसं आपण. दोन किलोमीटरवरून जाऊन हे न बघता यायचं? तनाह लोत वगळा हवं तर. तिथे गर्दीच गर्दी, आणि भरती असली की खडकापर्यंत जाताही येत नाही. ओहोटी असली तरी वरच्या देवळात फक्त पूजेला आलेल्यांनाच सोडतात.

प्रेषक: बापू

अण्णा, वेरूळच्या कैलासापर्यंत सपाटीवरून चालत जाता येतं. इथे दरीत उतरायचं आहे. बैठकीत ‘निवांत सहल’ असं ठरलं होतं, इतिवृत्तात आहे. तामन आयुन मात्र काहीही झालं तरी ठेवा. १६३४ चं, मंग्वीच्या राजघराण्याचं देऊळ, भोवती खंदक, सगळं सपाट. आतल्या अंगणात आपल्याला सोडत नाहीत, पण भिंत बुटकी आहे, कडेकडेने फिरत सगळं दिसतं. ११ मजली मेरू (मनोऱ्यासारखं देऊळ) बघून आमची ही तिथून हलायला तयार नव्हती. हिरवळीवर तासभर बसता येतं, तेच तर आपल्याला हवंय.

प्रेषक: नाना

बापू, मजले नव्हेत, ती एकावर एक छपरं आहेत. वर चढायला आत काही नसतं. संख्या नेहमी विषम, जास्तीत जास्त ११, आणि शाकारणी माडासारख्या एका झाडाच्या काळ्या तंतूंची.

पाडव्याच्या सुमारास पुन्हा जायचं कुणाच्या मनात असेल तर आधी न्येपी, म्हणजे बालीचं नववर्ष, कधी आहे ते बघून घ्या. त्यांचा शक आपलाच, म्हणून नवं वर्षही त्याच सुमारास लागतं. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच, शके १९४८. त्या दिवशी बालीत विमानतळसुद्धा २४ तास बंद असतो.

प्रेषक: ताई (खानपान)

पाडव्याचं पाडव्याला बघू. जेवण दीडला सांगितलं आहे, माझ्याशी बोलल्याशिवाय ते कुणी पुढे-मागे करू नका. मागे शाकाहारी म्हणून सांगूनसुद्धा सांबालमध्ये (तिथल्या मिरचीच्या चटणीत) तेरासी निघाली होती, म्हणजे आंबवलेला जवळा. गाडो-गाडो या भाज्यांच्या सॅलडच्या दाण्याच्या वाटणातही ती असते, आणि वर कोळंबीचे पापड येतात. यावेळी सगळं लिहून दिलं आहे. भात, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भाज्या, तेरासीशिवायचं दाण्याचं वाटण.

मला एवढंच हवंय: तिर्ता एम्पुलला स्नान कोण करणार? ओल्या कपड्यांनी जेवायला बसता येणार नाही, आणि कपडे बदलायला रांग असते.

प्रेषक: वहिनी

ताई, मी करणार. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: पाण्यात उतरायला वेगळं हिरवं सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) तिथेच भाड्याने मिळतं, सामानाला कप्पाही मिळतो. डावीकडून सुरुवात करून एकेका धारेखाली डोकं धरत उजवीकडे जायचं. त्यातल्या दोन धारा अंत्यविधीच्या आहेत, त्या सोडायच्या. पुढच्या माणसाकडे बघत चला.

आणखी एक. दारावर पाळीबद्दल पाटी असते. घरी आम्ही हे पाळत नाही, पण देऊळ त्यांचं आहे, रोजच्या पूजेचं आहे, तिथे त्यांचा नियम मी पाळीन. मात्र गाडीत कुणी कुणाला ‘तू का नाही उतरलीस’ असं विचारू नये. गेल्या वेळी विचारलं गेलं, ते मला अजून सलतंय.

प्रेषक: बापू

वहिनींशी शंभर टक्के सहमत.

प्रेषक: नाना

माई, स्नानाला दीड-दोन तास जाणारच. तेवढ्या वेळात पायऱ्या चढू शकणाऱ्यांना छोट्या गाडीने गुनुंग कावीला पाठवा. दोन्ही तांपाकसिरिंग गावातच आहेत.

प्रेषक: अण्णा

म्हणजे माझं स्नान बुडणार. ९६२ सालापासूनचं तीर्थ आहे ते! पण चालेल, मी गुनुंग कावी. तनाह लोतला खडकाच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा आहे, तिथले पुजारी तीर्थ देतात, कपाळाला तांदूळ लावतात. ते घेईन. म्हणून तनाह लोत आता राहू द्या.

प्रेषक: माई (सहल)

नानांचं पटलं. गाडीवाल्याला तसं कळवते, छोट्या गाडीचे पैसे त्यात जाणारे वाटून घेतील. साडेअकराला सगळे तिर्ता एम्पुलच्या फाटकाशी. तामन आयुनहून साडेचारला निघू, नाहीतर सूर्यास्त वाटेतल्या गर्दीत जाईल. देवळात शिरायला कमरेचा पट्टा प्रत्येकाला लागेल, साडी नेसलेल्यांनीही बांधायचा. परदेशी पाहुण्यांचा दीड लाख रुपियाहचा कर ज्यांनी अजून भरला नाही त्यांनी निघण्याआधी ऑनलाइन भरा, पावती फोनवर ठेवा.

पट्ट्यांची पिशवी कुणाकडे आहे? बापू, तुमच्याकडेच ना?

प्रेषक: बापू

माझ्याकडे सतरंज्या आहेत. पट्टे जोगजानंतर ताईंनी धुवायला नेले होते.

प्रेषक: ताई (खानपान)

धुऊन, इस्त्री करून नानांकडे दिले. जेवणाचा आकडा उद्या दुपारपर्यंत पक्का हवा.