सिकलसेल कॅम्पमध्ये संशोधनासाठी जास्तीचं रक्त मागताहेत, द्यावं का?

शहादेकर
राम राम मंडळी. आमच्या गावाला (शहादा तालुका, सातपुड्याच्या पायथ्याशी) सिकलसेलचा (आईबापाकडून पोरांत येणारा रक्ताचा आजार) कॅम्प लागलाय. तपासणीचं ठीक आहे, बोटातून थेंबभर घेतात, पण यावेळी सोबत एक संशोधनवाली टीम पण आलीय आणि ते म्हणताहेत हातातून एक ट्यूब जास्तीची द्या, आम्ही वर्षानुवर्षं साठवून ठेवू, पुढे औषध शोधायला कामी येईल. सहीला चार पानी फॉर्म. माझी मावशी पावरी बोलते, तिला मराठी वाचता येत नाही, ती मलाच विचारतेय अंगठा देऊ का. गावात कुणी म्हणतं रक्त विकतील, कुणी म्हणतं पोरीचं नाव बाहेर गेलं तर सोयरीक मोडेल. माझा विरोध नाही, पण रक्त जातं कुठं, ठेवतात कसं आणि नाव कुणाकुणाला कळतं हे कुणी नीट सांगा ना.

लॅबवाला_धुळे
भाऊ, आधी विकायचं डोक्यातून काढ. पेशंटला चढवायचं रक्त म्हणजे अख्खी पिशवी असते, २ ते ६ डिग्रीत ठेवतात आणि साधारण ३५ ते ४२ दिवसांत वापरावीच लागते. तुमची ट्यूब चमचाभर, ती कुणाला चढवता येत नाही.
जांभळ्या झाकणाची ट्यूब असेल ना, त्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. ती सेंट्रीफ्यूजमध्ये (जोरात गरगर फिरवणारं मशीन) फिरवली की वर पिवळसर प्लाझ्मा, खाली लाल पेशी आणि मधे एक पांढुरका पातळ थर दिसतो, डीएनए त्या थरातून काढतात. मग सगळं छोट्या छोट्या कुप्यांत वाटून उणे ८० डिग्रीच्या डीप फ्रीझरला. वाटून यासाठी की एकच मोठी कुपी दरवेळी वितळवली आणि परत गोठवली तर सॅम्पल खराब होतं. कुपीवर नाव नसतं, बारकोड असतो. कोणता कोड कुणाचा ही यादी वेगळ्या कॉम्प्युटरवर आणि तीही एकदोघांच्याच हातात पाहिजे. हेच विचार त्यांना, यादी कुणाकडे. आणि लाईट गेल्यावर काय करता तेही विचार, आपल्याकडे मे महिन्यात काय हालत असते माहितीये. जनरेटर, तापमान वाढलं की मोबाईलवर येणारा अलार्म आणि अर्धी सॅम्पल्स दुसऱ्या ठिकाणी, एवढं तरी असावं. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत ५ लाख लोकांची सॅम्पल्स आहेत, त्यांनीसुद्धा एक साठा दुसऱ्या जागी लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवलाय.

नर्मदाकाठ
फ्रीझरचं दादांनी छान सांगितलं, पण मला खरी काळजी कागदाची वाटते. अमेरिकेत हवासुपाई नावाची आदिवासी जमात आहे, १९९० च्या दशकात त्यांच्याकडून डायबेटिससाठी म्हणून रक्त घेतलं आणि नंतर त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचा अभ्यास केला, त्यांना न सांगता. कोर्टात गेले, २०१० ला विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. कुलूप कुणी तोडलं नव्हतं हो, रक्त फ्रीझरमध्ये नीटच होतं!
आपल्या आयसीएमआरचे (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ चे नियम आहेत. माहिती समजेल त्या भाषेत द्यायची, वाचता येत नसेल तर टीमबाहेरचा साक्षीदार पाहिजे, एथिक्स कमिटीची (संशोधनात लोकांवर अन्याय होत नाही ना हे बघणारी समिती) परवानगी पाहिजे आणि नंतर मन बदललं तर सॅम्पल काढून घ्या म्हणता येतं. फक्त कोड आणि नावाचा दुवा कायमचा पुसला असेल तर मग कुणाचं कोणतं ते शोधताच येत नाही, म्हणून दुवा ठेवणार का पुसणार हे आधीच विचारा. मावशीला पावरीतच सांगू दे. तिथल्या तिथे "इथे अंगठा लावा" असं कुणी करत असेल तर सरळ नाही म्हणा.

चोपडा_आई
माझ्या मुलाला सिकलसेल आहे. थंडीत सांध्यांत अशा कळा येतात की रात्रभर शेक देत बसावं लागतं. हायड्रॉक्सीयुरियाने फरक पडला, पण ते औषध सुद्धा कुणीतरी रक्त दिलं, कुणीतरी अभ्यास केला म्हणूनच मिळालं ना. आपल्या पावरा, भिल्ल, तडवी लोकांचं सॅम्पलच नसेल तर आपल्या मुलांना काय लागू पडतं ते कळणार कसं? मी दिलं. सोयरीकीची भीती मला पण होती, डीएनए एकाचा पण गोष्ट अख्ख्या घराची, म्हणून मी घरच्यांना विचारून दिलं. निकाल सरपंच, शिक्षक कुणाला सांगायचा नाही हे फॉर्मवर लिहून घेतलं.

शहादेकर
खूप आभार सगळ्यांचे. फॉर्म परत वाचला तर तिसऱ्या पानावर चौकटी आहेत, फक्त सिकलसेलसाठी की दुसऱ्या आजारांसाठी पण, आणि परदेशी पाठवायचं का. टीमवाल्याने हे तोंडी सांगितलंच नव्हतं. उद्या आमच्या शाळेतले गुरुजी पावरीत वाचून दाखवतील, साक्षीदार पण तेच. मावशी म्हणतेय सिकलसेलसाठी घ्या, बाहेरदेशी नको.

लॅबवाला_धुळे
मस्त, तशाच खुणा करा. फॉर्मची एक कॉपी मागून घे, त्यावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर आहे का बघ, आणि ट्यूबवर चिकटवलेला कोड कॉपीवर लिहून ठेव. पुढे सॅम्पल काढायचं म्हटलं तर तोच लागेल.