मदत हवी आहे : ‘कोहा’मध्ये जुन्या शुद्धलेखनाची शीर्षके सापडत नाहीत

सप्रेम नमस्कार. मी एका तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. दाखल नोंदवहीवरून ग्रंथांच्या नोंदी ‘कोहा’ या मुक्तस्रोत प्रणालीत भरून आम्ही तालिका वाचकांसाठी इंटरनेटवर खुली केली; परंतु 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेल्या ग्रंथांबाबत मोठी अडचण येत आहे.

परवा एका ज्येष्ठ वाचकांनी ‘काही’ हा शब्द टाइप केला आणि संगणकाने एकही नोंद दाखवली नाही, कारण मुखपृष्ठानुसार आम्ही ‘कांहीं’ असे नोंदवले होते. ग्रंथ मात्र मागच्याच कपाटात होता. मी तो काढून त्यांच्या हातात दिला, पण घरून शोधणारा वाचक ‘ग्रंथालयात नाही’ असे समजून थांबेल, याचे मला फार वाईट वाटते. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र दोन प्रकारे टंकित होत असल्याने तिथेही असेच घडते.

‘मार्क’ या नोंदींच्या प्रमाण आराखड्यात मुख्य शीर्षकासाठी असलेल्या 245 या क्षेत्रातील मूळ शीर्षक बदलणे मला योग्य वाटत नाही. आधुनिक लेखन 246मध्ये, म्हणजे पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात, देता येते, पण हजारो नोंदी हाताने दुरुस्त करण्याइतके मनुष्यबळ आमच्याकडे नाही. ‘कोहा’साठी शोधसूची बनवणाऱ्या ‘झेब्रा’च्या आयसीयू नियमांत (शोधासाठी युनिकोड अक्षरे कशी हाताळायची, हे ठरवणाऱ्या) अनुस्वार सरसकट वगळला, तर ‘अंत’ आणि ‘अत’ एकच होतील, अशी भीती वाटते.

मराठी संग्रहासाठी कोणी असे नियम प्रत्यक्ष वापरले आहेत का? असल्यास त्यांची फाइल आणि पुनर्सूचीकरणाचा (शोधसूची नव्याने बनवण्याचा) अनुभव कृपया कळवावा.